दोरी बांधायची कुठे?

रात्रीचे साडेअकरा. प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हॉइस नोट येऊन पडते. चार मिनिटं बारा सेकंद. 'ऐका ना, मला एक भारी काहीतरी सुचलंय. आपण आत्तापर्यंत जे केलंय ना, ते सगळंच वेगळ्या अँगलने बघूया...' पाच मिनिटांनी, म्हणजे नोट पूर्ण ऐकून, कुणीतरी टाइप करतं, 'सबमिशन गुरुवारी आहे. हे कोण करणार?' मग एक अंगठा. मग शांतता. सकाळी बघावं तर दोघं एकमेकांच्या मेसेजला उत्तरच देत नाहीयेत आणि बाकीचे तिघं खासगीत विचारतायत, 'नक्की झालं काय?'

यातला व्हॉइस नोटवाला किंवा 'कोण करणार'वाली, दोघांपैकी एक तुम्ही असता. खोटं बोलू नका.

हल्ली या भांडणाला एक नावही मिळालंय. इन्स्टाच्या बायोमध्ये चार अक्षरं लिहिलेली असतात ना, 'आयएनएफपी', 'ईएसटीजे' वगैरे, त्यातलं दुसरं अक्षर. ते एस असेल तर तुम्ही सेन्सिंगवाले. जे दिसतंय, मोजता येतंय, मागच्या वेळी जे चाललं होतं, त्यावर तुमचा भरवसा. एन असेल तर इंट्यूटिव्ह. समोरच्या गोष्टीपेक्षा तिचा अर्थ काय, तिच्यातून पुढे काय निघेल, यात तुमचा जीव जास्त रमतो. (इंट्यूशनचं अक्षर खरं तर आय. पण ते इंट्रोव्हर्टने आधीच पटकावलेलं, म्हणून एन.)

इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्टबद्दल सगळे बोलतात. माझं मत विचाराल तर कॉलेजात जास्त मैत्र्या या दुसऱ्या अक्षरापायी बिघडतात. कोण गप्प बसतो, कोण बडबडतो, हे पहिल्याच दिवशी कळतं. पण आपण दोघं एकाच गोष्टीकडे बघतोय आणि आपल्याला वेगवेगळं दिसतंय, हे लक्षातच येत नाही. आपल्याला वाटतं, समोरचा मुद्दाम करतोय.

आता माझं सांगते. सेकंड इयरला आमच्या एकांकिकेचं प्रॉडक्शन माझ्याकडे होतं. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको: तालमीसाठी हॉल मिळवायचा, चहाचे पैसे, प्रॉपर्टीची यादी, टेम्पोवाल्याचा नंबर, प्राचार्यांची सही. दिग्दर्शक माझा चांगला मित्र. (नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहे.) वाडा सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती. प्लायवूडच्या फ्रेम करून घेतल्या होत्या. दरवाजा, खिडकी, एक जुनी ट्रंक. ६,४०० रुपये गेले होते आणि प्रत्येक बिल माझ्या वहीत चिकटवलेलं होतं. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना हा तालमीला आला तो डोळे चमकवतच. म्हणाला, 'सेट नको. काहीच नको. स्टेजभर फक्त एक दोरी. दोरी म्हणजे वाडा.'

मी विचारलं, 'दोरी बांधायची कुठे?'

तीन शब्द. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला आणि सगळ्यांसमोर तो म्हणाला, 'तुला ना, फक्त वस्तू दिसतात.' मीही कमी नव्हते. म्हटलं, 'आणि तुला बिलं दिसत नाहीत.' पुढचे चार दिवस आम्ही दोघं लाइट्सवाल्या मुलामार्फत बोलत होतो.

पुढे कधीतरी कटिंग मारताना आम्ही या प्रकरणाचा हिशोब केला. त्याला माझा प्रश्न ऐकू आला होता तो असा: 'हे जमणार नाही, उगाच हवेत बोलू नकोस.' मी खरंच विचारत होते. त्या स्टेजवर खिळा ठोकायला परवानगी नव्हती, विंगा म्हणजे नुसते काळे पडदे आणि सेट लावायला मोजून दहा मिनिटं. अहो, कल्पना आवडली नसती तर मी 'बघू' म्हणाले असते! कुठे बांधायची, असं विचारलं याचा अर्थ मी डोक्यात दोरी बांधायला घेतलीसुद्धा होती. एस-वाल्यांचा होकार पुष्कळदा प्रश्नाच्या वेषात येतो आणि तो नकार समजून परत पाठवला जातो.

माझंही तेच झालं. मी ऐकलं ते असं: 'तुझे तीन आठवडे कचऱ्यात.' तो मात्र माझ्या कामाबद्दल बोलतच नव्हता. त्याला नाटक अचानक स्वच्छ दिसलं होतं. आणि ते दिसलं ते त्या प्लायवूडच्या दरवाजातून रोज आत-बाहेर करूनच. त्याच्या लेखी दरवाजा ही एक पायरी होती, वर चढून गेल्यावर मागे राहणारी. माझ्या लेखी तो १,८०० रुपयांचा दरवाजा होता. दोघांचंही बरोबर होतं, हे म्हणायला आज सोपं आहे. त्या आठवड्यात आम्ही दोघंही रडकुंडीला आलो होतो.

ही चार अक्षरं जन्माला आली तीही अशाच एका घरगुती बुचकळ्यातून. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज नावाची एक बाई होती. घरात सगळी कल्पनेत रमणारी माणसं. तिची मुलगी इझाबेल एक मुलगा घरी घेऊन आली, क्लॅरेन्स मायर्स. कायद्याचा विद्यार्थी, व्यवहारी, तपशिलाला पक्का, या घराहून अगदीच वेगळा. १९१८ मध्ये त्यांचं लग्न झालं. सासूबाईंना जावई काही उलगडेना. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचं व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचं पुस्तक जर्मनमध्ये १९२१ साली आलं आणि १९२३ मध्ये इंग्रजीत. ते वाचल्यावर कॅथरिनला वाटलं, आपण शोधत होतो ते हेच. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलने त्यावरून प्रश्नावली बनवायला घेतली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. जावई कळत नाही म्हणून एका सासूने सुरू केलेला शोध आज तुमच्या बायोत येऊन बसलाय.

म्हणून या टेस्टवर किती विसंबायचं तेही बघा. बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना ती पटत नाही आणि त्याला कारणं आहेत. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं तरी अक्षर बदलतं. शिवाय माणसं एस आणि एन अशा दोन ढिगांत पडतच नाहीत, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. उंचीसारखं आहे ते. सगळी माणसं एक तर बुटकी नाही तर ताडमाड, असं कुठे असतं? मूळ टेस्टला पैसे पडतात, आपण फोनवर फुकट देतो ती बहुधा दुसरीच असते. आणि नोकरीसाठी माणसं निवडायला ही टेस्ट वापरू नका, असं तिचे प्रकाशकच सांगतात. प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनआधी 'कंपन्यांना कुठला टाइप आवडतो' हे शोधत बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. रील्सवर बघा. एन म्हणजे खोल, दुर्मीळ, गैरसमजाचा बळी, रात्री तीनला विश्वाचा विचार करणारा. एस म्हणजे? किराणा आणणारा. टेस्टचे प्रश्नही असे की जरा ग्लॅमर हवं असेल तर माणूस आपोआप एनकडे झुकतो. घरी मात्र बरोबर उलटं. 'हवेत असतो', 'व्यवहार शून्य', 'शेजारचा बघ, दहावीपासून घरचं लाइट बिल भरतो.' एन मुलं हे लहानपणापासून ऐकत आलेली असतात. मग कॉलेजात त्यांना आपल्यासारखी चार माणसं भेटतात आणि घरी खाल्लेला मार ती इथे वाटायला लागतात. 'तुला ना, फक्त वस्तू दिसतात' हे वाक्य माझ्या मित्राने कुठून आणलं होतं, ते मला त्याच्या बाबांना भेटल्यावर कळलं. ते त्याला म्हणतात, 'तुला समोरची वस्तू दिसत नाही.'

पण इथे मी त्याला पूर्ण सोडणार नाहीये. त्या वर्षी वही माझ्याकडे आली कशी? पहिल्या मीटिंगला कुणीतरी म्हणालं, 'हिशोब मुलींकडे द्या, त्या नीट ठेवतात.' कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. अकरावीत मी कथा लिहायचे. त्या वहीनंतर तीन महिने मी रोज रात्री प्रॉपर्टीच्या चौदा वस्तू मोजत होते आणि त्याच काळात ग्रुपमधल्या सगळ्यांनी ती टेस्ट दिली. तुम्ही तपशिलाकडे लक्ष देता का? देते ना बाबा, कंदील हरवला तर पैसे कोण भरणार? आला एस. सगळे हसले, 'बघ, म्हणूनच तू प्रॉडक्शनला परफेक्ट!' मी एस होते म्हणून वही मिळाली, की वही मिळाली म्हणून एस झाले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि तो एन आहे म्हणून त्याला बिलं दिसत नव्हती, की त्याच्या हातात कधी कुणी बिल दिलंच नव्हतं?

तेव्हा 'मी एन आहे यार, मला डिटेल्स जमत नाहीत' असं जो कोणी म्हणेल, त्याला एवढंच विचारा की मग ते डिटेल्स करतं कोण. तुमच्या ग्रुपमध्ये एक नाव नक्की निघेल, आणि बहुतेक वेळा तेच. उलट बाजूही सांगते. 'मला असलं काही सुचत नाही, तुम्ही ठरवा, मी करते' हे मी वर्षभर म्हणत होते. त्यात नम्रपणा कमी आणि सोय जास्त होती. चुकलं तर कल्पना त्याची. मी काय, फक्त टेम्पो आणला.

समोरच्याचं एखादं वाक्य आपल्याला का टोचलं, हे शोधायला ती अक्षरं उपयोगी पडतात. मला पडली. पण त्यावरून कामं वाटू नका. पुढच्या वर्षी आम्ही दोन आठवडे अदलाबदल करून बघितली. वही त्याच्याकडे, आणि एक प्रसंग लिहायचं काम माझ्याकडे. त्याने टेम्पोची पावती हरवली. माझा प्रसंग तालमीत अर्धा कापला गेला, आणि जो कापला तो कापण्यासारखाच होता. फार काही भव्य घडलं नाही. पण टेम्पोवाला रात्री दहानंतर दीडपट घेतो हे त्याला स्वतःच्या खिशातून कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून तालीम साडेनऊला संपायला लागली. मी मागचं वर्षभर हेच घसा फोडून सांगत होते.

दोरीचं काय झालं, ते राहिलंच. पाचव्या दिवशी लाइट्सवाला मुलगा निरोप घेऊन माझ्याकडे आला. वैतागलेला होता. म्हणाला, 'तो विचारतोय, बांधलीच नाही तर? दोघांनी धरली तर?' मी त्याच्याकडेच उलट निरोप दिला, 'पस्तीस मिनिटं कोण धरणार? हात भरून येतील.' तो गेला, आणि मिनिटभरात दिग्दर्शक स्वतः धावत आला. 'तेच! हात भरून येतात! तेच तर नाटक आहे!'

मग एक टोक आजीच्या हातात आणि दुसरं आळीपाळीने घरातल्या एकेकाच्या. प्रत्येकाचा हात दुखतो, प्रत्येक जण काही तरी कारण काढून टोक पुढच्याकडे देतो. शेवटी दुसरं टोक धरायला कुणी उरत नाही. आमचा नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, कल्पना चांगली, अभिनय कच्चा. खरं होतं. माहितीपत्रकात 'संकल्पना' खाली त्याचं एकट्याचं नाव होतं. त्यावरून आमचं पुन्हा एक भांडण झालं, ते वेगळं.

गेल्या महिन्यात त्याची व्हॉइस नोट आली. सहा मिनिटं. नवीन काहीतरी सुचलंय, पाणी, रेल्वे स्टेशन, असं बरंच काही. मी पूर्ण ऐकली आणि लिहिलं, 'पाणी खरं वापरणार? स्टेज ओलं झालं तर पुसणार कोण?'

लगेच उत्तर आलं, 'म्हणजे आवडलंय तुला.'