घरावर जप्तीची नोटीस आली, तर?

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक अनणसुख, म्हणजे कर्ज नसल्याचे सुख. पण आजच्या संसारात कर्जावाचून घर उभे राहत नाही. पिशोर-कन्नड भागात कापूस, मका, आले यांचा भाव पडला की मजुरीही आटते आणि घराचा हप्ता थकतो. मग बँकेचा कागद येतो. पुष्कळ घरांत तो न वाचताच फळीवर ठेवला जातो. आमचे सांगणे एवढेच, की घर जाते ते कर्जामुळे जेवढे, तेवढेच या गप्प बसण्यामुळे.

घर तारण ठेवून कर्ज घेतले असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात ठरविले. परंतु बँकेने आधी ६० दिवसांची नोटीस दिली पाहिजे. हे ६० दिवस आपले आहेत. नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. हिशेब चुकला असेल तर ते लिहावे, हप्ते लहान करून मुदत वाढवून मागावी, किंवा एकरकमी तडजोडीची रक्कम विचारावी. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

काहीच जमत नसेल, तर बँकेची लेखी संमती घेऊन आपणच गिऱ्हाईक पाहावे. लिलावापेक्षा भाव बरा येण्याची शक्यता असते. नोटीस आल्यावर संमतीवाचून घर विकता येत नाही. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व बाकी खर्चासह भरली, तर घर सुटते.

बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी पूर्वी ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. थकबाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, किंवा तारण शेतजमिनीचे असेल, तर हा कायदा लागूच होत नाही.

वकिलाला पैसे कोठून आणावेत, हा प्रश्न उरतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा दर्जा मिळाला. तेव्हा ही मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. कन्नडच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. तेथूनच लोकअदालतीत तडजोड मागता येते. मात्र तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्याला होकार द्यावा.

सावकाराचे प्रकरण वेगळे. 'पैसे फेडले की घर परत' असे तोंडी ठरवून खरेदीखत करून देणारे आजही भेटतात. परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. अशा कागदावर अंगठा वा सही देऊ नये. बेकायदा सावकारीत घर अडकले असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करावा. चौकशीत सावकारी सिद्ध झाली, तर मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

बाबासाहेबांनी आपल्या हाती कायद्याचे शस्त्र दिले. ते वेळेवर उचलणे आपल्याकडे आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा उपासिकांनी हा विषय काढावा, आणि कोणाच्या घरी असा कागद पडून असेल तर तो त्याच दिवशी शिकल्या मुलाकडून वाचून घ्यावा. जयभीम!