पायऱ्या टळल्या, काळजी टळत नाही

‘आईचे गुडघे दुखतात, तिला सप्तशृंगीला न्यावे का?’ चैत्र आणि आश्विन जवळ आले की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. आपल्या जिल्ह्यातून संगमनेर-नाशिकमार्गे वणीच्या गडावर जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. २०१८ पासून तेथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि सुमारे पाचशे पायऱ्यांचा चढ काही मिनिटांच्या बैठ्या प्रवासावर आला. ही ट्रॉली रुळांवरून दोराने ओढली जाते; रायगडचा १९९६ पासूनचा रोपवे मात्र तारेला लटकत जातो. जपानमध्ये ट्रॉलीच्या या प्रकारालाच केबल कार म्हणतात. टोकियोजवळच्या ताकाओ डोंगरावर वसंतातील फुले आणि शरदातील लाल पाने पाहण्यास लोक तिनेच जातात.

तेव्हा माझे उत्तर बहुधा ‘अवश्य न्या’ असेच असते. आपल्याकडील गडांची उंची प्राणवायू कमी पडावा इतकी नसते. घाटात कान दडपले, तर आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी. मात्र ट्रॉली केवळ पायऱ्या वाचवते. रांग, ऊन आणि गर्दी वाचवत नाही. म्हणून शक्यतो यात्रेचे दिवस टाळावेत आणि सोबत घडीची खुर्ची न्यावी.

ऋतूनुसार काळजी बदलते. चैत्रात उन्हाचा धोका मोठा. वृद्धांना तहान उशिरा जाणवते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात धुके आणि शेवाळलेल्या फरशा असतात. घसरून खुब्याचे हाड मोडले, तर म्हातारपणी पुन्हा उभे राहणे कठीण होते. रबरी तळाची पादत्राणे आणि काठी हवीच. नवरात्रात मधुमेही व्यक्तींनी उपवास आणि इन्सुलिन यांचा मेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. घाम, थरथर किंवा भोवळ जाणवल्यास लगेच साखर द्यावी. थंडीत पहाटेची हवा रक्तवाहिन्या आकुंचित करते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ऊन वर आल्यावर निघावे, नाक-तोंडावर मफलर घ्यावा.

आणखी एक गोष्ट. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक जण लघवीची गोळी परस्पर चुकवतात. तसे करू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, बसल्याजागी धाप लागत असेल किंवा छातीत वरचेवर दुखत असेल, तर तपासणीपूर्वी प्रवास नको.

सर्वांत मोठा धोका मात्र मौनाचा असतो. ‘सांगितले तर बेत मोडेल, पुन्हा मला कोणी नेणार नाही,’ या भीतीने आईवडील छातीतली कळ गिळून टाकतात. छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात दुखणे ही लक्षणे दिसताच थांबावे आणि १०८ ला फोन करावा. निघण्यापूर्वी मुलांनी एवढेच वचन द्यावे: ‘अर्ध्यातून परतलो, तरी पुन्हा घेऊन येऊ.’ हा शब्द मिळाला, तर वडीलधारी मंडळी त्रास वेळेवर सांगतील. आणि वेळेवर कळलेल्या दुखण्यावर बहुधा उपाय करता येतो.