ऑनलाइन शिक्षण : अंतर नेमके कशाचे?

शाळा सुटते, मूल घरी येते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठ आलेला असतो. परंतु तो फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील अद्याप शिवारातून परतलेले नसतात. निलंगा तालुक्यासारख्या भागात तंत्रज्ञानाधारित शिक्षणाचा प्रश्न मुळात असा साधा आहे. कोरोनाची साथ ओसरली, शाळा पुन्हा भरू लागल्या. ऑनलाइन शिक्षण मात्र मागे फिरले नाही. गृहपाठ, सराव चाचण्या, ‘नीट’ची शिकवणी आणि आता विचारताक्षणी उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, हे सारे त्याच लहानशा पडद्यावर आले आहे. म्हणूनच या शिक्षणामागील काही मूळ कल्पना पालक या नात्याने आपण समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

थोडे मागे वळून पाहू. लातूर जिल्ह्यातील पहिले कोरोनाबाधित एप्रिल २०२० मध्ये निलंग्यातच आढळले. ते परराज्यांतून आलेले प्रवासी होते. शाळा त्याआधीच, मार्चमध्ये बंद झाल्या होत्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा राज्याच्या शिक्षण विभागाचा उपक्रम, ‘दीक्षा’ ॲप, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका असे प्रयत्न झाले आणि त्यांत तळमळ होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते! ‘असर’च्या देशव्यापी पाहणीनुसार शाळकरी मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. मात्र घरात फोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडत नव्हता. घरात फोन असणे आणि तो मुलाला मिणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या घरांतही आपण अनुभवले आहे.

दूरशिक्षणाचे दोन प्रकार मानले जातात. एकात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी जोडलेले असतात. झूमवरील वर्ग हे त्याचे उदाहरण होय. दुसऱ्यात धडा आधी तयार करून ठेवलेला असतो आणि विद्यार्थी आपल्या सवडीने तो पाहतो, वाचतो. हा दुसरा प्रकार नवा मुळीच नाही. संत पौलाने करिंथ आणि थेस्सलनीका येथील मंडळींना पत्रांद्वारे जे शिकविले, ते याच जातीचे दूरशिक्षण होते. ज्या घरात एकच फोन आणि नेटवर्कची खात्री नाही, तेथे ठरलेल्या वेळेचा थेट वर्ग म्हणजे अनेकांना वगळणारा वर्ग ठरतो. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा विचार केला, तर साठवून ठेवलेला धडाच त्यांच्या उपयोगाचा. तथापि तो पुरेसा नाही. म्हणूनच या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी शासनाला हंगामी वसतिगृहांची योजना आणावी लागली.

पुरेसा का नाही, याचे उत्तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांच्या विवेचनात सापडते. दूरशिक्षणातील अंतर मैलांत मोजू नये, असे त्यांचे म्हणणे. शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील संवाद जितका कमी, तितके अंतर अधिक. या दृष्टीने साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले, वर्षभर एकही प्रश्न न विचारलेले मूलही ‘दूर’च असते. पुढे कॅनडातील गॅरिसन, अँडरसन व आर्चर या अभ्यासकांनी २००० साली उपस्थितीचे तीन पैलू मांडले : विचारांची, सोबत्यांची आणि शिक्षकाची उपस्थिती. आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. संत योहानानेही आपल्या दुसऱ्या पत्रात कागद व शाई बाजूला ठेवून समक्ष भेटीची आशा व्यक्त केली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अँतिक्वा एत नोव्हा’ या दस्तऐवजातही शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासातून निर्माण होणारे नाते यंत्राला साधणार नाही, असे प्रतिपादन आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण पाहावे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले आणि त्यांनी दहा लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्याआधीची गोष्ट : मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते स्वतः कन्नड शिकले आणि मग धडे त्या भाषेत आणले. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या निलंगा तालुक्याला हे वेगळे सांगावयास नको. आज बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड छापलेला असतो. तो किती घरांत एकदा तरी उघडला जातो, याची विचारपूस पालकसभेत व्हावयास हवी.

‘लातूर पॅटर्न’बद्दलही दोन शब्द. त्या यशाचे इंगित व्याख्यानांपेक्षा वारंवार होणाऱ्या चाचण्यांत, तपासून परत मिळालेल्या उत्तरपत्रिकांत आणि चुकांवरील चर्चेत होते. लातुरात खोली करून राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाला ऑनलाइन शिकवणी हा दिलासाच वाटतो. मात्र ती घेताना केवळ चित्रफितींची संख्या न पाहता, मुलाची उत्तरपत्रिका कोण तपासणार आणि शंका कोणाला विचारायची, हे आधी विचारावे. व्याख्यान घरी पाहून वर्गात प्रश्न सोडवायचे, ही ‘उलट्या वर्गा’ची पद्धत म्हणूनच उपयुक्त आहे; परंतु तिला वर्ग लागतोच.

पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले. अक्षरओळख नसलेल्या मातेनेही मुलाला “आज काय पाहिलेस, मला सांग” असे म्हटले, तर संवादाचे अंतर तेवढे कमी होते. आमची सूचना अगदी मर्यादित आहे. धर्मग्रामाचे सभागृह सायंकाळी बहुधा रिकामे असते. तेथे एक टीव्ही, एक इंटरनेट जोडणी आणि आळीपाळीने बसणारे तीन-चार महाविद्यालयीन युवक मिळाले, तर सर्वधर्मीय मुलांसाठी दोन तासांचा अभ्यासवर्ग चालू शकतो. फोन देणारे दाते भेटतात. रोज येऊन बसणारा युवक मिळविणे अवघड, हे आम्ही जाणतो. म्हणून आधी युवकांची नावे घ्यावीत, यंत्रांची खरेदी नंतर करावी; आणि हे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी व्हावे.