तीन टक्के कुणाचे?

केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम वर्षाला जी खरेदी करतात, तिच्यातली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी आणि त्यातच एकूण खरेदीच्या ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून, असा नियम आहे. मूळ आदेश २०१२चा. बायकांचा वाटा २०१८च्या दुरुस्तीने आला. बचत गटात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे गणवेश शिवायचे का, ताई?" वर्षानुवर्षं शिवणयंत्रंच वाटली, तर दुसरा कुठला प्रश्न येणार!

गोम अशी की हे टक्के वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजतात. गणवेश, जेवण, साफसफाई यांतूनही ते भरता येतात. उपकरणं आणि संगणकप्रणालींच्या खरेदीत बाई कुठे आहे, हे वेगळं मोजायचं बंधन आदेशात नाही.

आमच्या संपर्कातल्या नणंद-भावजय पाण्यातलं क्लोरीन मोजणारं छोटं यंत्र बनवतात. केंद्राच्या एका उपक्रमाने आपल्या कामगार वसाहतीसाठी अशी यंत्रं मागवली. निविदा अर्ज फुकट, बयाणा रक्कम माफ, इथवर ठीक. पण अट होती तीन वर्षांच्या उलाढालीची आणि पूर्वानुभवाची. दर्जा व तांत्रिक निकष पाळले जात असतील तर ही अट शिथिल करता येते. करता येते, करावीच लागते असं नाही! साहेबांनी केली नाही. नवी वस्तू बनवणारीने जुना अनुभव आणायचा कुठून? निविदापूर्व बैठकीला भावजय एकटी गेली, तर "मालकांना घेऊन या" म्हणाले. मालक तीच होती.

उलट बाजूही आहे. कंपनीत बायकांचे ५१ टक्के भाग असले की ती त्यांची धरतात. सरपंचपती आपण पाहिले, आता उद्योजिकापतीही पाहतो आहोत.

काम मिळालं तरी बिल अडकतं. २००६च्या कायद्याने पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाही तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार? नवऱ्याविरुद्ध अर्ज लिहिताना बाईची जी घालमेल होते, ती आपण जाणतो. ही तशीच.

चळवळीने ठेकेदारी शिकवायची का, असं काही मैत्रिणी विचारतील. मला वाटतं, सार्वजनिक पैसा कुणाच्या हाती जातो हा आपलाच प्रश्न आहे. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायका पवईच्या आयआयटीच्या मदतीने सौर दिवे जुळवायला शिकल्या, पुढे त्यांनी स्वतःची सौर कंपनी उभी केली. नुसतं शिबिर भरवून हे झालं नाही. शाळकरी मुलांना दिवे पुरवण्याचं काम हातात होतं.

म्हणून मागणी अशी हवी: नव्या वस्तूला आधी छोटा, पैसे देऊन केलेला चाचणी-आदेश द्या. पूर्वानुभवाची अट शिथिल करत नसाल तर कारण लेखी द्या. आणि आपल्या सल्ला केंद्रांत पोटगीचा अर्ज लिहिणाऱ्या मैत्रिणीशेजारी निविदा वाचणारी एक जण बसवू या. अटींवरचा आक्षेप मुदतीत आणि लेखी द्यावा लागतो. निविदा उघडल्यावर ओरडून काही होत नाही.