फरीदकोटची बातमी

मुंबईत १६६ निरपराध माणसे मारली गेली आणि मारेकऱ्यांपैकी अजमल कसाब जिवंत हाती लागला. तो पाकिस्तानी असल्याचा पुरावा कुठे आहे, असे इस्लामाबादचे सरकार डिसेंबर २००८ मध्ये विचारत होते. भारताने काहीही सांगितले तरी तो शत्रूचा कांगावा ठरणार होता. ही कोंडी फोडली ती पाकिस्तानी पत्रकारांनी. ‘डॉन’ दैनिकाने पंजाब प्रांताच्या ओकारा जिल्ह्यातील फरीदकोट हे गाव गाठले आणि छायाचित्रातला मुलगा आपलाच असल्याची कसाबच्या वडिलांची कबुली छापली. ‘जिओ’ वाहिनीने त्याच गावात कॅमेरा नेला. गावात साध्या वेशातल्या माणसांचा पहारा होता, बातमीदारांना दमदाटी होत होती; तरीही बातमी बाहेर आली. ७ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी एका भारतीय वाहिनीशी बोलताना कसाब पाकिस्तानी असल्याचे मान्य केले आणि त्याच दिवशी त्यांना पदावरून काढण्यात आले. पण झाकलेले आता झाकून राहणार नव्हते. फेब्रुवारीत पाकिस्तानच्या गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचे जाहीरपणे सांगितले. २०१५ मध्ये पाकिस्तानच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी हल्ल्याची आखणी आणि प्रशिक्षण आपल्याच भूमीवर झाल्याचे लिहिले, तेही ‘डॉन’मध्येच.

वैरी देशांत सामंजस्य वाढवायचे तर वृत्तपत्रांनी गोड लिहावे, मुशायरे भरवावेत, दोन्हीकडच्या साम्याचे गोडवे गावेत, अशी एक समजूत आहे. १ जानेवारी २०१० रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि पाकिस्तानच्या ‘जंग’ समूहाने ‘अमन की आशा’ ही मोहीम सुरू केली, त्यामागचा हेतू निर्मळच होता. आमच्या मते मात्र फरीदकोटची ती कोरडी बातमी अशा शंभर सोहळ्यांहून मोलाची होती. आपल्याच सरकारला अडचणीत आणणारे सत्य जो पत्रकार सांगतो, त्याच्यावरच सीमेपलीकडचा वाचक विश्वास ठेवतो. समोरच्या देशात सगळेच खोटारडे नाहीत, हे त्या दिवशी मुंबईकराला कुठल्याही संयुक्त निवेदनापेक्षा अधिक ठामपणे कळले.

याहून मोठे उदाहरण १९७१ चे आहे. अँथनी मस्कारेन्हस हे बेळगावात जन्मलेले, मूळचे गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले, कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मधले पत्रकार. त्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवले. सारे कसे सुरळीत चालले आहे, हे त्यांनी लिहावे अशी अपेक्षा होती आणि बाकीच्यांनी ती पुरवली. मस्कारेन्हस यांनी गावे जाळली जाताना पाहिली, माणसांच्या जगण्यामरण्याचे निर्णय लष्करी अधिकारी सहज बोलण्याच्या ओघात घेताना ऐकले. ते लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’च्या संपादकांना भेटले, परत येऊन आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले आणि मग स्वतः पायी सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात उतरले. १३ जून १९७१ रोजी त्यांचा वृत्तान्त छापून आला. निर्वासितांचे लोंढे भारतीय वृत्तपत्रे कितीतरी दिवस दाखवत होती. जगाला मात्र ती एका पक्षाची बाजू वाटत होती. पाकिस्तानी पत्रकाराने सही करून लिहिले तेव्हा तो संशय उरला नाही. या लेखाने आपण हादरलो, असे इंदिरा गांधींनी संपादक हेरॉल्ड इव्हान्स यांना पुढे सांगितले. घरदार आणि देश सोडण्याची किंमत मस्कारेन्हस यांनी मोजली. मराठी मुलखाशी इतके जवळचे नाते असलेल्या या माणसाचे नाव आपल्याकडे किती थोड्यांना ठाऊक आहे, याची आम्हाला खंत वाटते.

आता मे २०२५ ची ती रात्र आठवावी. ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू असताना आपल्या अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद घेतले. यातले काहीही घडलेले नव्हते. पलीकडच्या वाहिन्याही थापा मारण्यात मागे नव्हत्या, पण त्याने आपला दोष कमी होत नाही. हीच का वृत्तपत्रस्वातंत्र्याची फळे, असे कुणी विचारेल. नाही. सत्तेला आणि जमावाला जे ऐकायचे आहे तेच मोठ्या आवाजात सांगायला स्वातंत्र्य लागत नाही. नको असलेला प्रश्न विचारायला ते लागते. या थापांचा तोटा थेट आपल्या सैन्याला झाला, कारण खऱ्या यशाचे पुरावे मांडायची वेळ आली तेव्हा जग आपल्या प्रत्येक दाव्याकडे शंकेने पाहत होते. त्याआधीच, एप्रिलअखेरीस, सरकारने पाकिस्तानच्या ज्या यूट्यूब वाहिन्या बंद केल्या त्यांत ‘डॉन न्यूज’ आणि ‘जिओ न्यूज’ही होत्या. कसाबचे गाव दाखवणारे हेच दोन समूह. त्यांचा आवाज रोखून आपण कुणाची सोय केली?

‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या २०२५ च्या क्रमवारीत १८० देशांत भारत १५१ वा आणि पाकिस्तान १५८ वा होता. क्रमवारीच्या पद्धतीवर वाद घालता येईल. एका गोष्टीवर वाद नाही: एकमेकांच्या राजधानीत प्रत्येकी दोन वार्ताहर ठेवण्याची जुनी पद्धत मोडली आहे. मे २०१४ मध्ये पाकिस्तानने ‘द हिंदू’च्या मीना मेनन आणि ‘पीटीआय’चे स्नेहेश अॅलेक्स फिलिप यांना देश सोडायला सांगितले. मुंबईच्या मेनन यांना जेमतेम नऊ महिने मिळाले आणि तेवढ्या काळातही व्हिसा फक्त इस्लामाबादपुरता होता. तेव्हापासून दीडशे कोटींचा हा देश आपल्या अण्वस्त्रधारी शेजाऱ्याविषयी ऐकीव माहितीवर मते बनवतो आहे.

यात भरडली जातात ती साधी माणसे. पालघरचे आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली जाते आणि ते कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. यादीतल्या माणसाची तब्येत कशी आहे, शिक्षा संपूनही तो आत का आहे, हे यादी सांगत नाही. मुंबईचा एक तरुण २०१२ मध्ये पाकिस्तानात बेपत्ता झाला, तेव्हा लाहोरच्या झीनत शहजादी या पत्रकार तरुणीने त्याच्या आईच्या वतीने तिथली कार्यालये आणि न्यायालये गाठली. तो लष्कराच्या ताब्यात असल्याचे तिच्या खटपटीतून उघड झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये तिलाच उचलून नेण्यात आले. ती दोन वर्षांनी सापडली. तो तरुण डिसेंबर २०१८ मध्ये वाघ्याहून घरी आला. एका भारतीय आईसाठी पाकिस्तानी मुलीने हे सोसले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दिल्लीने परतफेडीची वाट न पाहता दोन पाकिस्तानी वार्ताहरांना व्हिसा द्यावा, तोही एका शहरापुरता नव्हे. आणि तेवढ्याच ठामपणे आपल्या दोघांसाठी मागावा. सुरक्षेचा प्रश्न असेल तर त्यांच्यावर नजर ठेवायला यंत्रणा समर्थ आहेत. इस्लामाबादने नकार दिला तर तो नकार जगासमोर राहील. होकार दिला, तर मलीरच्या फाटकावर जाऊन आपल्या मच्छीमारांची चौकशी करणारा निदान एक भारतीय बातमीदार असेल.