भंगार की प्रयोगशाळा?

लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगते, हे तुम्ही आर्किमिडीजच्या तत्त्वात शिकला आहात. इंग्लंडमधील पोर्ट्समथ बंदरात या प्रश्नाचे सुमारे ९,००० टनांचे उत्तर तरंगते आहे. ते म्हणजे १८६० साली पाण्यात उतरलेली ‘वॉरियर’ ही चिलखती युद्धनौका. आज ती संग्रहालय आहे.

तिच्या चिलखतात साडेचार इंच जाडीचे घडीव लोखंड आहे आणि त्यामागे १८ इंच जाडीचे सागवान. दोन्ही कशासाठी? गोळा अडवायचा लोखंडाने, धक्का सोसायचा लाकडाने. वॉरियरला शिडेही होती आणि वाफेचे इंजिनही. शिडांवर जाताना बंद पंखा पाण्याला अडथळा करी. म्हणून २६ टनांचा तो पंखा पाण्याबाहेर ओढून घेत; त्यासाठी सुमारे ६०० माणसे लागत! पाण्याचा विरोध किती असतो, हे याहून चांगले कोणते पुस्तक सांगेल?

ही नौका एकदाही लढली नाही. तिच्याहून सरस नौका आल्या आणि दहा-बारा वर्षांतच ती जुनी ठरली. पुढे भंगारात काढली, तर गिऱ्हाईक मिळेना. मग १९२९ पासून सुमारे ५० वर्षे ती वेल्समध्ये तेलाचा तरंगता धक्का म्हणून उभी होती. १९७९ ते १९८७ या काळात तिची दुरुस्ती झाली. सांगाडा मूळचा आहे. इंजिन मात्र प्रतिकृती आहे, कारण मूळचे कोणी राखलेच नव्हते.

आपल्याकडे काय झाले? १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली पहिली ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती तोडायला गेली.

खारे पाणी लोखंड खाते, डागडुजीला पैसा लागतो, हे मान्य. प्रत्येक जहाज राखता येणार नाही. पण कोणतेही यंत्र मोडण्यापूर्वी त्याची मापे घेता येतात, आकृत्या काढता येतात, ते चालवणाऱ्यांना विचारून माहिती लिहून ठेवता येते. एवढे न करता ते मोडणे म्हणजे एकमेव प्रत असलेले पुस्तक न वाचता रद्दीत घालणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावातही जुने तेलाचे इंजिन, उसाचा चरक किंवा छापखान्याचे यंत्र गंजत पडले असेल. शिक्षकांना बरोबर घ्या, मोजपट्टी आणि वही घेऊन तेथे जा. भंगारवाला येण्याच्या आत!