ब्लॅकबर्नचा मालक पुण्यात, पुण्याचा संघ दिल्लीत

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबला मालकाकडून किती पैसा मिळणार आणि कधी, हे २०२३ पासून दिल्ली उच्च न्यायालयातल्या तारखांवर ठरत आलं आहे. क्लब १८७५ सालचा. इंग्लिश फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक संघांपैकी एक. मालक मात्र पुण्याचे. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा, म्हणजे कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातल्या ‘व्यंकीज’चा हा क्लब आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाने चौकशी सुरू केली आणि इंग्लंडला पैसे पाठवायचे तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. जेवढी रक्कम पाठवायची, तेवढीच बँक हमी इथे द्यायची, अशी अटही आली.

युरोपातल्या क्लबांची कर्जं, मालकांचे वाद, समर्थकांचे मोर्चे या बातम्या आपल्याकडे क्रीडा पानाच्या तळाशी, दूरदेशीची गंमत म्हणून वाचल्या जातात. पुणेकरांना तेवढी सोय नाही. या गोष्टीच्या दोन्ही टोकांना पुणं आहे. परक्या गावाचा क्लब विकत घेणारं शहरही हेच, आणि स्वतःचे क्लब काही वर्षांत एकामागून एक गमावणारं शहरही हेच.

आधी ब्लॅकबर्न. एका धनिकाच्या भरवशावर जगण्याची सवय या क्लबला पुण्याने लावलेली नाही. जॅक वॉकर हा त्याच गावचा पोलादाचा व्यापारी. त्याने नव्वदच्या दशकात पैसा ओतला, केनी डॅल्ग्लिशसारखा प्रशिक्षक आणि ॲलन शिअररसारखा खेळाडू आणला आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवलं. २००० साली वॉकर गेला. त्याच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीने काही वर्षं क्लब सांभाळला, मग गिऱ्हाईक शोधलं. नोव्हेंबर २०१० मध्ये व्यंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना तो घेतला आणि कर्जही अंगावर घेतलं.

पुढचा दीड वर्षाचा काळ इंग्लंडमध्ये आजही चेष्टेने सांगितला जातो. खरेदीला महिना होतो न होतो तोच सॅम ॲलर्डाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढलं, त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. ऑक्टोबर २०११ मध्ये ऐन हंगामात संघ पुण्याला येऊन बालेवाडीत पुणे एफसीशी प्रदर्शनीय सामना खेळून गेला. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच संध्याकाळी संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्यानंतरच्या एका हंगामात प्रशिक्षक इतके बदलले की हेनिंग बर्ग यांच्या वाट्याला जेमतेम ५७ दिवस आले. २०१७ मध्ये तर संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी वेळ येण्याची ती पहिलीच खेप. वर्षभरात तो दुसऱ्या श्रेणीत परतला, पण त्यापुढे त्याची गाडी गेलेली नाही.

एवढ्यावर थांबलं तर पुण्याच्या मालकांना खलनायक ठरवून मोकळं होता येईल. ते न्याय्य होणार नाही. दरवर्षी तोट्यात चालणाऱ्या या क्लबात त्यांनी वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे. चुका त्यांच्या असतील, पण त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडून पळ काढला नाही.

अडचण नेमकी इथेच आहे. वर्षानुवर्षं पुण्याहून पैसा येत राहिला, म्हणून त्याशिवाय चालेल अशी क्लबची घडी कधी बसलीच नाही. दिल्लीत फाईल अडकली तेव्हा घरातल्या वस्तू विकायची पाळी आली. ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, क्लबच्याच अकादमीत घडलेला मुलगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या चमूत निवडला गेला. २०२५ मध्ये क्लबच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून माघार घेतली, कारण वरच्या दर्जासाठी लागणारा खर्च करायची तयारी नव्हती.

समर्थकांची कोंडी त्याहून मोठी. मालक जा म्हणावं तर येणार कोण? जवळच्या बरी या गावचा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि नऊ महिन्यांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, लीगमधून हाकलला गेला. थायलंडच्या मालकाचा शेफिल्ड वेन्स्डे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याचे बारा गुण कापले गेले. इटलीत इंटर मिलानच्या चिनी मालकांना कर्ज फेडता आलं नाही, म्हणून मे २०२४ मध्ये ओकट्री ही अमेरिकी सावकार कंपनीच क्लबची मालक झाली. सभासदांच्या मालकीचा बार्सिलोनाही सुटला नाही. २०२१ मध्ये त्याची देणी १३५ कोटी युरोंवर पोचली, मेस्सीला जाऊ द्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी स्पॅनिश लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकावा लागला. म्हणजे मालक एक असो की लाखभर सभासद, कमाईपेक्षा खर्च मोठा असला की गाडी त्याच वळणावर येते. फरक पडतो तो एवढाच, की पैसा आटल्यावर गावाच्या हातात काय उरतं.

या कसोटीवर पुण्याचा हिशेब लावला तर पाटी कोरी निघते. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला, अकादमी नावारूपाला आली, आणि २०१५ नंतर मालकांनी क्लब आवरता घेतला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलशी करार करून अकादमी उभारली, दोन हंगाम आय-लीग खेळला, आणि मूळ उद्योगसमूह अडचणीत येताच क्लबही विझला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये होता. मालक वाधवान कुटुंब, सोबतीला हिंदी चित्रपटातले तारे, सुरुवातीला फिओरेंटिना हा इटालियन भागीदार. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ मध्ये त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने एकदा विजेतेपद मिळवलं, मग तोही कर्जात रुतला आणि २०२५ मध्ये ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. बालेवाडीत नारिंगी शर्ट घालून ओरडणाऱ्या पोरांच्या संघाची जागा अशी हैदराबाद फिरून आता राजधानीत पोचली आहे.

याच्या उलट उदाहरण पुण्याजवळच आहे. मावळातल्या सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, ते संताजी. मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीला राज्यभरातून लोक येतात. अशा उत्सवांना मोठे देणगीदार असतातच, त्यांची नावं फलकावर लागतात. एखाद्या वर्षी एखाद्याचा धंदा बसतो, तो येत नाही. म्हणून कुणी उत्सव उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेत नाही, कारण तो कधी एकाच्या नावावर केलेलाच नसतो. पुण्याच्या चारही फुटबॉल क्लबांत नाव, चिन्ह, अकादमी, लीगमधली जागा, सगळं देणगीदाराच्या नावावर होतं.

इंग्लंडने यावर उशिरा का होईना, कायदा केला. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे. मालकाची ऐपत आणि पैशाचा स्रोत तो तपासेल, क्लबांना परवाना देईल आणि घरचं मैदान, चिन्ह, रंग यांत समर्थकांना डावलून मनमानी करू देणार नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच अधांतरी लटकला आणि डिसेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने मुंबई सिटीतून काढता पाय घेतला. अशा वेळी दिल्लीतल्या भारतीय फुटबॉल महासंघाकडून तसल्या नियामकाची अपेक्षा करणं भाबडेपणाचं ठरेल.

पुण्याला मात्र त्याची वाट पाहायची गरज नाही. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभं राहिलं, ते आजही राज्य सरकारचं आहे. पुण्यात व्यावसायिक संघ आणणाऱ्याला बहुधा त्याच दारातून यावं लागतं, म्हणजे अटी घालण्याचा अधिकार जागेच्या मालकाकडे आहे. मैदान देताना क्रीडा खात्याने तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम आधी बँकेत ठेवावी. क्लब बंद पडला किंवा शहर सोडून गेला तर त्याचं नाव आणि चिन्ह जिल्हा फुटबॉल संघटनेकडे यावं. आणि वयोगटातल्या संघांचा खर्च वेगळ्या खात्यात असावा, म्हणजे वरिष्ठ संघ बुडाला तरी तळेगाव-लोणावळ्याहून सरावाला येणाऱ्या मुलांचं वर्ष वाया जाणार नाही.

एवढ्या अटी घातल्यावर गुंतवणूकदार फिरकणार नाहीत, असं म्हणणारे भेटतील. अटी नव्हत्या तेव्हा आलेले एक ते आठ वर्षांत गेले, हे त्यांना उत्तर आहे. पुढचा प्रस्ताव घेऊन येणारा उद्योगपती कदाचित उत्साही असेल, शिरस्त्याप्रमाणे सोबत एखादा नटही असेल. पत्रकार परिषदेत शर्टाचा रंग विचारण्याआधी पत्रकारांनी बँकेतल्या त्या ठेवीची पावती मागावी.